मिरजगावचा चहा, आवृत्ती २.०

आवृत्ती १.०

नवा रस्ता गावाबाहेरून गेला आणि साळूबाईंच्या हॉटेलातली गिऱ्हाइकंही त्याच्यामागे गेली. दिवाळीनंतर कुलूप लावायचं, असं साळूबाईंनी नवऱ्याला, मच्छिंद्रला, सांगून टाकलं.

त्याच सुमारास मुलाने, ओमने, मोबाईलवर मराठी जोडाक्षरं न तुटता उमटवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला.

"फुकट?" साळूबाई म्हणाल्या. "अरं, फुकट जेवू घालनारा बी म्हनतो, ताट उचलून ठिव. कायतरी अट घाल."

ओमने घातली. वापरणाऱ्याने मिरजगावात आईच्या हॉटेलात एक चहा घ्यावा. तो प्रोग्रॅम पुढे ज्याला देईल, त्यालाही हीच अट.

आवृत्ती १.१

एका अवाढव्य मोबाईल कंपनीने अट न वाचता प्रोग्रॅम आपल्या फोनांत घातला. मग वाचली. कंपनीत प्रोग्रॅम वापरायचे परवाने सांभाळणाऱ्या मोनिका मॅडम पुण्याहून आल्या, चहा प्यायल्या, अटीचं दुसरं वाक्य पुन्हा वाचलं आणि बाकावर मटकन बसल्या. फोन कोट्यवधी लोकांकडे गेले होते.

आवृत्ती १.२

प्रत्येक फोनवर निरोप गेला: कृपया मिरजगावी चहा घ्यावा. शेवगावचं एक वऱ्हाड नवरदेवासकट वाट वाकडी करून आलं. लोक प्यायचे, कपासोबत फोटो काढायचे, निघायचे. पैसे मागितले तर कंपनीचे वकील म्हणाले, अट फक्त चहा घ्यायची आहे; पैसे ही जादा अट झाली, परवान्यात बसत नाही. मच्छिंद्रने घोडेगावच्या बाजारातून म्हैस आणली. तीही पुरेना. कुलूप दिवाळीआधीच लागायची लक्षणं दिसू लागली.

(दुरुस्ती)

शेवटी कंपनीने तसाच प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेतला. नक्कल केली असं कोणी म्हणू नये म्हणून लिहिणाऱ्यांनी ओमचा प्रोग्रॅम पाहिलेला नसावा, असं ठरलं. आणि चहा पिणारा प्रोग्रॅम वापरणाराच ठरेल, या खबरदारीने चहाही प्यायलेला नसावा.

आवृत्ती २.०

आता फोनांवर जुन्याच्या जागी नवा निरोप: इंजिनिअरांनी मिरजगावचा चहा पिऊ नये. इंजिनिअर परतवायला मोनिका मॅडम दारात खुर्ची टाकून बसल्या.

एवढी मोठी कंपनी जो चहा पिऊ देत नाही, तो आहे तरी कसा? जिल्हा लोटला. आता परवान्यापोटी फुकट पिणारा कोणी नव्हता, सगळे रोखीचे. कांद्याचा व्यापारी कानिफनाथ छातीठोकपणे "मी इंजिनिअर हाय" म्हणाला, हाकलला गेला आणि मागच्या दाराने येऊन दोन कप प्यायला.

ओम शरमला होता. "आई, लई झालं. अट काढून टाकतो."

साळूबाईंनी दाराकडे पाहिलं. "काढली तर ही बाई हितं बसंल का?"

"न्हाई. बंदीच उठंल."

त्यांनी पातेल्यात दूध वाढवलं.

"मग ऱ्हाऊ दे अट. फकस्त कुनाला पाळू देऊ नगं."