रद्दीत गेलेली नवी पानं

काकूंचं काम सोपं होतं. कायदा बदलला की छापखान्यातून नवी पानं यायची. जाडजूड फाइलची कडी उघडून जुनी पानं काढायची आणि नवी अडकवायची. वकिलांच्या ऑफिसातल्या ग्रंथालयात त्यांच्या प्रशिक्षणाचा हा शेवटचा दिवस. शेहेचाळिसाव्या वर्षी दोन परीक्षा पास झालेल्या काकूंना आता फक्त ग्रंथपाल मॅडमची सही हवी होती, आणि ती घेतल्याशिवाय त्या घरी जाणार नव्हत्या.

एका हातात जुनी पानं, दुसऱ्या हातात नवी, आणि नेमका तेव्हाच नवऱ्याचा फोन आला.

"अगं, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण?"

"डावीकडचं!"

"दाबलं. पाणी बाहेर येतंय."

"मग उजवीकडचं दाबा!"

फोन संपेपर्यंत हातातलं कामही उरकलं होतं. चहा पिताना काकूंचं लक्ष रद्दीच्या टोपलीकडे गेलं. रद्दी कोरी करकरीत दिसत होती. नवी पानंच टोपलीत गेली होती! धावत कपाटापाशी गेल्या, तर फाइल गायब! मोठे वकील ती घेऊन कोर्टात गेले होते.

काकूंनी कंबर कसली, टोपलीतली पानं उचलली आणि कोर्ट गाठलं. तिथे वकीलसाहेब जुनंच कलम ठणकावून वाचत होते. काकू मागच्या बाकावरून पानं हलवत राहिल्या. शिपायाने त्यांना दोनदा खाली बसवलं.

विरुद्ध बाजूचा वकील उसळला, "हे कलम गेल्या महिन्यातच बदललंय!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "घटना कधीची?"

"तीन... तीन वर्षांपूर्वीची," तो अडखळला.

"मग तेव्हाचाच कायदा लागणार. वाचा पुढे."

वकीलसाहेब केस जिंकून आले ते नाचतच. "मॅडम, काकूंनी मुद्दाम जुनं पान ठेवलं! काय ती दूरदृष्टी!"

सहीचा कागद समोरच होता. गप्प बसलं की काम फत्ते. पण काकूंना ते काही जमेना. "मॅडम, चुकून झालं. मशीनच्या बटणासाठी नवऱ्याचा फोन आला, आणि जुनी पानं रद्दीत टाकायच्या ऐवजी मी नवीच टाकली."

"जुनी रद्दीत?" मॅडम ताडकन उठल्या. "अशाच केसेससाठी जुनी पानं खोक्यात जपायची, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! दोन चुका केल्यात म्हणून केस वाचली. जुनी रद्दीत टाकायची ही एकच केली असती तर गेलीच होती!"

काकूंनी मान खाली घातली, पण खुर्ची सोडली नाही. "मग आणखी आठवडाभर शिकवा. सही घेऊनच जाणार."

मॅडमनी पेन उचललं. "सोमवारपासून नोकरीवरच या. फक्त त्याआधी नवऱ्याला ते मशीन शिकवा."