सहा आशाबाई आणि एक डिस्क

"डिस्क कोण खाऊन राह्यलं, ते दोन मिनिटांत नावानिशी सांगतो, साहेब!" धनराजनं छाती फुगवून जाहीर केलं. बोलायला काय जातं! पण गडी पडला कंत्राटी कॉम्प्युटरवाला. कंत्राट महिनाअखेरीस संपणार आणि मुदतवाढीचं पत्र साहेबांच्या मर्जीवर लटकलेलं. अशा वेळी छाती आपोआप फुगते.

अहेरीकडच्या एका जंगल कामगार संस्थेचं हे ऑफिस. साल २००९, दिवस रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे. तीन वाजता सागवानाचा लिलाव, व्यापारी व्हरांड्यात चहावर चहा ढोसत बसलेले, आणि लॉटची यादी कॉम्प्युटरच्या पोटात कुठंतरी हरवलेली! त्यात मशीन असं सुस्तावलेलं, की एक फोल्डर उघडेपर्यंत इस्तारी चौकीदार चहा वाटून कपही विसळून यायचा. कॉम्प्युटरच्या डब्यावरचा दिवा मात्र सारखा लुकलुकत होता. म्हणजे आत कोणीतरी ढोरासारखं राबत होतं.

"यादी नाई भेटली तर पत्राचं विसरून जाय," गेडामसाहेब म्हणाले. ते संस्थेचे मॅनेजर. त्यांचा आवाज बारीक, पण लागायचा कुऱ्हाडीसारखा.

धनराजनं काळ्या पडद्यावर 'आयओटॉप' असं टाइप केलं. कोणाच्या नावानं, कोणतं काम, डिस्कवर किती वाचतं-लिहितं, हे सगळं ते ओळीनं दाखवतं. साहेब चष्मा पुसून वाकले. इस्तारीही वाकला. पडद्यावर ओळी उमटल्या आणि तिघांचीही तोंडं उघडीच राहिली.

पहिली ओळ, नाव आशा. दुसरी ओळ, आशा. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी... आशा, आशा, आशा! आणि सहाही ओळींपुढं एकच काम लिहिलेलं. शोध!

"आशाबाई?" साहेब दचकले. आशाबाई म्हणजे ऑफिसच्या टायपिस्ट. "ते तर रोवणीच्या रजेवर आहे ना!"

"तीन दिवस झाले," इस्तारी म्हणाला.

"मंग हे काय? धानाच्या बांधीत, चिखलात उभी राहून मशीन चालवते का ते?"

धनराजचं डोकं गरगरलं. टूल खोटं बोलत नाही, हे त्याला ट्रेनिंगमध्ये घोकून घोकून शिकवलं होतं. आणि आशाबाईही खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या अहेरीला माहीत होतं. आता दोघांतलं खरं कोण मानायचं? बिचारा पार गोंधळला. पण गोंधळलेला माणूस गप्प बसला तर शप्पथ!

"साहेब, टेलिफोनच्या वायरीतून घुसता येते म्हणतात," त्यानं ठोकून दिलं.

"काय शोधून राह्यली मंग?"

"काय मालूम... लिलावाचे भाव असतील..."

झालं! साहेबांचा चेहरा उतरला. लिलावाआधी भाव फुटले तर संस्था बुडाली! "इस्तारीभाऊ, लुना काढा! बाईले आत्ताच्या आत्ता घेऊन या!"

पाऊण तासानं आशाबाई आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलानं माखलेले, हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी तशीच. इस्तारीनं खालीही ठेवू दिली नव्हती. दारातून आत त्यांच्या पावलांचे चिखलाचे ठसे उमटले.

"काऊन बोलावलं जी? बांधीत बारा बाया खोळंबल्या माह्या!"

"बाई, तुम्ही सहा-सहा जागी काय शोधून राह्यल्या?" साहेबांनी पडद्याकडं बोट दाखवलं.

आशाबाईंनी पडदा पाहिला. मग धनराजकडं पाहिलं. चिखलाच्या बोटानं दोन बटणं दाबली, तशी पडद्यामागं दडलेल्या सहा खिडक्या पटापट पुढं आल्या. प्रत्येकीत एकच हुकूम, आख्ख्या डिस्कमध्ये लिलावाची यादी शोध!

"सकाळी साडेनवाले सुरू केलं दिसते. मी तवा बांधीत होती. माह्या नावानं कोण बसला होता बाप्पा?"

धनराज हळूच साहेबांच्या मागं सरकला. स्वतःचा पासवर्ड तो दिवाळीपासून विसरला होता. तोच कशाला, साहेबांपासून सगळेच आशाबाईंच्या नावानं बसायचे, कारण त्यांचा पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलेला होता! सकाळी यादी सापडेना म्हणून त्यानंच शोध लावला. हलेना म्हणून दुसरा लावला. तरी हलेना म्हणून... असे सहा! आणि लावून विसरूनही गेला!

"म्हणजे यादी शोधून शोधून तूच मशीन झोपवलं?" साहेब किंचाळले.

"पण यादी कायले शोधता?" आशाबाईंनी कपाट उघडून यादी पुढं केली. "शुक्रवारीच छापून ठेवली ना मी. कोणी विचारलं असतं त सांगितलं असतं."

लिलाव वेळेवर पार पडला, तसे साहेब विरघळले. "जाऊ दे, पोरगा खटपट्या आहे. बाई, त्याचं मुदतवाढीचं पत्र टाइप करून टाका, मी सही करतो."

"करते ना जी," आशाबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या. "पण रोवणी झाल्यावर. माहा अर्धा दिवस गेला, तो कोण भरून देईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचा कॉम्प्युटरतज्ज्ञ पॅन्ट दुमडून आशाबाईंच्या बांधीत पोटरीभर चिखलात वाकला होता. पहिली रांग वाकडी लावली म्हणून आशाबाईंनी ती उपटून पुन्हा लावायला लावली. बारा बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. दिवस मावळताना त्यानं कंबर धरत भीत भीत विचारलं, "बाई, पत्र..."

"हो गा, करते," आशाबाई म्हणाल्या. "फक्त तीन बांध्या राह्यल्या."