डेसच्या दारातल्या ठिपक्यांच्या फरश्या

दर गुरुवारी भरणारं दृष्टिहीनांचं मंडळ आपल्याकडे जेवायला वळलं, तर कॅफेवाल्या डेस पास्कोच्या पदरात पडणार होतं ते असं: डझनभर माणसांचं जेवण, वर चहा, चहाबरोबर खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, आणि या सगळ्याहून गोड म्हणजे समोरच्या बेकरीवाल्या रोझाचा उतरलेला चेहरा.

अडचण दाराची होती. मंडळाच्या प्रमुख मर्ल क्विल्टी यांनी त्याला सरळच सांगितलं होतं, की आम्ही भिंतीला काठी लावून चालतो आणि तुझ्या बाहेरच्या भिंतीला तू खुर्च्या लावल्या आहेस. खुर्च्या हलव, नाहीतर दारापर्यंत काठीला कळतील अशा उठावाच्या फरश्या बसव. खुर्च्या हलवायच्या म्हणजे बसलेलं गिऱ्हाईक उठवायचं. त्यापेक्षा डेसने रविवारी स्वतःच फरश्या बसवल्या. बाजारात दोन जाती होत्या, लांब पट्ट्यांच्या आणि गोल ठिपक्यांच्या. ठिपक्यांच्या स्वस्त होत्या, शिवाय दिसायला खेळकर. क्रॉसिंगपासून उंबऱ्यापर्यंत त्याने ठिपकेच ठिपके करून टाकले.

पट्टी म्हणजे चालत राहा आणि ठिपका म्हणजे थांब, पुढे धोका, हे ऑस्ट्रेलियाभर प्रत्येक पांढऱ्या काठीला ठाऊक असतं. डेसला नव्हतं.

गुरुवारी मर्लबाईंची काठी पहिल्या ठिपक्याला लागली आणि त्या थांबल्या. मागची रांग थांबली. वाटाडे कुत्रे बसले. बाईंनी पाऊल सरकवून पाहिलं, ठिपके. आणखी सरकवलं, ठिपके.

"अगं बाई, ही कड संपतच नाही," त्या मागे वळून म्हणाल्या. "केवढं खणून ठेवलंय मेल्यांनी!"

"या, या, सरळ या," डेस दारातून हाका मारू लागला. "काही होत नाही."

"असंच म्हणतात," रांगेतले म्हातारे आल्फी पुटपुटले, "आणि मग शिडी मागवायला लागते."

एवढी माणसं जमिनीवर काठ्या रोखून उभी पाहून येणारे-जाणारेही थबकले. काय झालंय हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून गॅस गळतोय असं ठरलं. कुणीतरी फोन केला. गॅसवाल्यांना वास काही आला नाही, पण आलोच आहोत तर पाइप बघून घेऊ म्हणत त्यांनी डेसच्या उंबऱ्यासमोर कमरेएवढा खड्डा खणला. तोवर मंडळ रोझाकडे दुसरा चहा घेत होतं.

परतताना मर्लबाईंनी ठिपके चाचपले, खड्ड्याभोवतीचं कुंपण काठीने वाजवून पाहिलं आणि डेसला हाक मारली.

"चुकलंच रे आमचं. तुला नावं ठेवत होतो. इतकी वर्षं या गावात चालतेय, पण खणायच्या आधी सांगणारा तूच पहिला."

डेसने केलेले सॉसेज रोल खणणाऱ्यांनी खाल्ले, चहा रोझाने विकला, मंडळाने डेसच्या आभाराचा ठराव एकमताने मंजूर केला. बाकी सगळं, खड्ड्यासकट, डेसने भरलं.