जंगलातली खिडकी

आप्पा जंगल रंगवोत नाहीतर तुरुंग, उजव्या कोपऱ्यात पिवळ्या उजेडाची एक खिडकी असायचीच.

खंडेराव गेटपाशी राहणारे हे आप्पा रेल्वेतून रंगारी म्हणून निवृत्त झाले. आमच्या झाशीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात नाटकाचे पडदे मात्र चाळीस वर्षं त्यांचेच. मी मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे बोलणी खायचा मानकरी. एकदा विचारलं, "आप्पा, घनदाट अरण्यात खिडकी कुणाची?"

"तू वर्गणी गोळा कर. पडद्यातलं तुला ओ की ठो कळत नाही. लिख के ले लो भैया."

यंदा मंडळाने ठरवलं, पडदा एआयकडून काढून घ्यायचा आणि फ्लेक्सवर छापायचा. आप्पांना सांगणार कोण? मीच. वाटलं, म्हातारा ब्रश फेकून मारणार. पण माझ्या सुनेने त्यांना समजावलं, की हे यंत्र माणसांनी काढलेली लाखो चित्रं बघूनच शिकलंय.

आप्पा खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे आमचाच चेला म्हण की. मग माझंही पाहिलं असणार."

तेव्हापासून यंत्राचं नाव पडलं चिरंजीव. आप्पा रोज सकाळी आमच्याकडे चहाला यायचे आणि सुनेच्या फोनवर त्याचा गृहपाठ तपासायचे. "चिरंजीवांनी सूर्य डावीकडे काढला आणि सावलीही डावीकडेच पाडली. कान धरा त्याचा." फोनचा कान कुठला, हे विचारायची माझी छाती नव्हती. एका दरबाऱ्याच्या हाताला सहा बोटं निघाली, तेव्हा तर स्वारी खूश. "माझीही पहिली बोटं अशीच होती हो."

शेवटी त्यांनी परीक्षा ठेवली. "त्याला म्हणावं, जंगल काढ. वर एक अक्षर सांगायचं नाही."

सुनेने तेवढंच टाइप केलं. जंगल आलं, सुरेख आलं. आप्पांनी उजवा कोपरा बोटांनी मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला. खिडकी नव्हती.

"माझे पडदे नाही पाहिले याने," म्हणाले आणि चहा तसाच टाकून गेले.

पाहणार कुठून? दर वर्षी त्याच कापडावर चुना फासून नवा पडदा रंगवायचा, ही काटकसर आमच्याच मंडळाची. फोटो काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी फ्लेक्स टांगला, तर आप्पा पिवळ्या ऑइलपेंटची डबी घेऊन हजर. शिडीवर चढले आणि छापील झाडांमध्ये त्यांनी खिडकी रंगवली.

"शिकेल हळूहळू. नवा आहे," उतरताना म्हणाले. मग मी न विचारताच बोलले, "पडदे रंगवून घरी जायला मला उशीर व्हायचा. ही खिडकीत दिवा लावून बसायची."

काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

संध्याकाळी कपडे बदलायला त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं. खिडकीत दिवा दिसला.

"कोण आलंय हो घरी?"

"कुणी नाही रे," आप्पा किल्ली काढत म्हणाले. "निघताना मीच लावून जातो."