दाजींचं डायल-अप

आमचे दाजी रोज दिवेलागणीला इंटरनेट सुरू करण्याआधी लाइन तापवतात. म्हणजे लॅपटॉप उघडतात, टेलिफोनची वायर त्याच्या कुशीत खोचतात आणि हाताची घडी घालून गप्प बसून राहतात. मी एकदा विचारलं, "दाजी, हे काय विहिरीवरचं डिझेल इंजिन आहे का?"

"लाइन तपू दे रे भो," दाजी म्हणाले. "थंडी लाइनवर काय येस?"

थंड लाइनवर काय येतं ते मला माहीत नाही. तापलेल्या लाइनवरही गेल्या कित्येक वर्षांत काही आलेलं नाही, हे मात्र मी लिहून द्यायला तयार आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. तळोद्यात राहतात. कापसाचं शेत वाट्याने दिलेलं, मुलगी लग्न होऊन गेलेली, त्यामुळे माणसाकडे वेळच वेळ. त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. म्हणून त्या लॅपटॉपला शिंक आली तरी बोलावणं मला. "सुभाष, ये लवकर. आज काही खरं नही," असं ते अशा आवाजात म्हणतात, की ऐकणाऱ्याने खांद्यावर टॉवेल टाकूनच निघावं.

आता त्या वस्तूला लॅपटॉप म्हणायचं तर म्हणा. मांडीवर घेतला तर उठताना दुसऱ्याचा हात लागतो. झाकणाची बिजागरी तुटलेली, म्हणून मागे गुळाचा डबा टेकू. एक बटण कधीचं पडून गेलं, तिथे दाजींनी चिंचोका चिकटवलाय, आणि तो बाकीच्या बटणांपेक्षा चांगला चालतो असं त्यांचं म्हणणं. बॅटरी मेलेली. त्यासाठी घरात इन्व्हर्टर घेतला. वीज गेली की फ्रिजमधलं दूध नासतं, पण दाजींचं यंत्र घरघरत असतं. हे यंत्र सुरतेहून जुन्या बाजारातून आणून दिलं कोणी? मीच. तेव्हा मी तिकडे साडीच्या एका पेढीत कामाला होतो. आपल्या पायावर धोंडा पाडून घेण्यासाठी तो इतक्या लांबून, बसच्या गर्दीतून, पोटाशी धरून आणला.

दुरुस्तीची त्यांची शास्त्रं वेगळी. वायरची पिन ते रॉकेलच्या बोळ्याने पुसतात, मग खोडरबराने घासतात, मग फुंकर. नंतर नंबर फिरतो, टूं-टां-टूं वाजतं, ते सोसत नाही म्हणून मी उठून ओट्यावर जातो, आणि तिकडून टेप केलेली एक बाई सांगते की हा क्रमांक अस्तित्वात नाही. दाजी मान खाली घालून तिचं पूर्ण ऐकून घेतात. "बाई अजून ड्युटीवर शे," मी आत परतलो की मला समाधानाने सांगतात. मग पडद्यावर एररचा आकडा येतो. एकदा मी गेलो तर चेहरा खुललेला. "काल सहाशे ऐंशी उना व्हता, आज सहाशे अठ्ठ्याहत्तर. सुधरी ऱ्हायनं." मी कपाळाला हात लावला. एक एरर म्हणजे लाइनच नाही, दुसरा म्हणजे लाइन आहे पण पलीकडे कोणी उचलत नाही. यात सुधारणा पाहणारा माणूस पंचायत समितीवर निवडून जायला हवा होता.

शिवाय हे सगळं बैठकीच्या टेबलावर होईल तर शपथ. लांबच लांब वायर ओढून लॅपटॉप स्टुलावर, आतल्या खोलीच्या अगदी दारात. "तठे चांगली पकडस." मी सांगून थकलो की ही तार आहे, मोबाइलची रेंज नाही, दारात काय आणि मोरीत काय. मी फायबर घ्या म्हटलं, माझ्या मोबाइलवरून फुकट नेट घ्या म्हटलं. त्यावर दाजींनी विचारलं, "त्यामां आवाज कोठे शे?"

हा प्रश्न मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला पुष्कळ दिवस सांगितला. लोक हसायचे. मीही हसायचो.

घरातलं दुखणं मी कधी कोणाशी बोललो नाही. पण इतकं सांगितलं तर हेही सांगायला हवं. त्या आतल्या खोलीत आक्का असते. तिची आठवण गेलीय. माणसं ओळखत नाही, बोलत नाही, भरवलं तर खाते. मी दाजींकडे आठवड्यातून दोन-तीनदा जातो, पण त्या दारापलीकडे जात नाही. सुरुवातीला एकदा गेलो होतो. तिने पदर सावरला आणि परक्या पाहुण्याला विचारावं तसं अदबीने विचारलं, "तुम्ही कोना घरना?" ज्या बाईने मला कडेवर वागवलं, तिने. तेव्हापासून मी म्हणतो, "आक्का झोपली असेल, राहू द्या." दाजी कधी आग्रह करत नाहीत. त्या दारात यंत्र घेऊन बसलेल्या माणसाला हसणं मला सोपं पडायचं. त्याला ओलांडून आत जाणं जमायचं नाही.

एकदा माझं डोकं दुखत होतं आणि ते टूं-टां नको झालं होतं. दाजी चहा टाकायला गेले तेवढ्यात मी मोडेमच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज शून्यावर नेला. चहा पिऊन, चपला घालून, मोठ्या समाधानाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी स्वतः दुकानात. या वेळेला ते घर सोडत नाहीत. शर्टाची बटणं वरखाली, टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप पोटाशी धरलेला.

"सुभाष, याना आवाज गया."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "आवाजाचं काय करायचंय दाजी? वरातीत लावायचाय का?"

गिऱ्हाइकं हसली. दाजी हसले नाहीत. "आतेच चल," म्हणाले. "कालदिन बी काही बोलनी नही ती."

ती म्हणजे कोण, हे विचारेपर्यंत ते पायऱ्या उतरले होते. मी शटर अर्धं ओढून मागोमाग गेलो.

घरी आवाज पुन्हा पूर्ण वाढवायला मला मिनिटही लागलं नाही. गेला कसा, हे दाजींनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी स्टूल दारात सरकवलं, वायर खोचली, लाइन तापवली. नंबर फिरला. मी सवयीने उठलो, तर पहिल्यांदाच त्यांनी माझं मनगट धरलं.

"बठ."

टूं, टां, टूं. आणि आतून आवाज आला. बारीक, चिडका, माझ्या ओळखीचा.

"आवो, ते भोंगं बंद करा ना. मन्हा भाऊना फोन येवाना शे."

"करस, करस," दाजी स्टुलावरून म्हणाले. "एवढा कापूसना भाव देखी लेस."

"कापूस बळो तुमना. तो बूथवर उभा व्हयी. लाइन बिझी देखीसन चालना जाई."

मी खाली बसलो. सुरतेला असताना रविवारी संध्याकाळी मी एसटीडी बूथवर रांग लावायचो. नंबर लागला की इकडची लाइन बिझी, कारण दाजी त्याच लाइनवरून इंटरनेटवर. पुढे त्यावरून नवरा-बायकोचं भांडण झाल्याचं आक्का मला हसत सांगायची.

"दिनभर एक शबुद नही," दाजी हळू म्हणाले. "हाऊ आवाज उना का भांडस. भांडस तव्हढा येळ मले वयखस." भांडते तेवढा वेळ ती त्यांना ओळखते. मग म्हणाले, "नेट कव्हयनंच बंद शे रे. मले काय समजत नही का?"

टेपवाली बाई बोलून गेली. दाजींनी वायर काढून फोनला लावली. आत शांत झालं होतं. ते म्हणाले, "आते थोडा येळ फोननी वाट देखी. मंग भुली जाई."

रोज वाट बघते. आणि मी हा इथे, गल्लीच्या तोंडाशी बसलेला.

मी खिशातून मोबाइल काढला. त्या फोनचा नंबर मला शोधावा लागला नाही. घंटी वाजली तशी दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलून लांब वायरसकट आत घेऊन गेले.

"सुभाष?" आक्का म्हणाली. "जेवना का?"

"जेवनू, आक्का."

"मी सांगस ना यासले, लाइन मोकळी ठेवा. तुले किती उभं ऱ्हावानं. सुरतले गरम शे का?"

"भलतं गरम शे," मी म्हटलं.

आतून दाजी हात हलवून खुणा करत होते. मला आधी कळेना. मग कळलं. माझा आवाज तिच्या कानात फोनमधून जात होता आणि बैठकीतूनही, आणि ती रिसीव्हर दूर धरून गोंधळून दाराकडे बघू लागली होती. मी मोबाइल कानाशी धरून अनवाणीच ओट्यावर गेलो, तिथून रस्त्यावर, अजून थोडं पुढे, आणि सुरतेहून बोलत राहिलो.