दुपार मुक्कामी असल्याबाबत

संदर्भ: मौजे उंबरसावळी येथे वैशाखातील एक दुपार वेळ संपूनही मुक्कामी असल्याबाबत श्रीमती अनुसया रामकिसन घुले यांचा अर्ज.

सदर दुपार मंगळवारची असून ती अद्याप गेलेली नाही. अनुसयाबाईंच्या ओसरीवर, रेशीमकिड्यांच्या शेडला लागून, ती भिंतीला टेकून बसलेली असते. स्वभावाने शांत आहे. पाणी मात्र फार पिते.

तिच्या राहण्याला गावाची ना नव्हती. अडचण किड्यांची होती. ते आठवडाभरात कोष करणार होते आणि त्यांना गारवा लागतो. अनुसयाबाई ओली पोती टांगून टांगून थकल्या. मागची बॅच रोगाने गेली होती. ही गेली तर शेड मोडून मुलाकडे पुण्याला जायचे, असे घरात ठरले होते, आणि बाईंना पुण्याला जायचे नव्हते.

मी तहसिलातून निवृत्त झालेला असल्याने अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अर्जात कारण द्यावे लागते, म्हणून मी दुपारीलाच विचारले. तिने नीट सांगितले. येताना ती उजेडातून आली, आणि उजेडाला वर कोणी अडवत नाही. जमिनीला टेकल्यावर तिची उष्णता झाली. परत निघाली तेव्हा आभाळाच्या वेशीवर कर्मचारी उभे. कार्बन डायऑक्साइड सर्वांत ज्येष्ठ. एकदा रुजू झाला की शंभर वर्षांत बदली नाही. मिथेन हंगामी, दहा-बारा वर्षांपुरता, पण अडवण्याचा हुरूप असा की ऐंशी जणांना एकटा भारी. नायट्रस ऑक्साइड युरिया टाकलेल्या शेतांतून भरती झालेला, अबोल आणि चिवट.

"पूर्वीही होतेच ते," दुपार म्हणाली. "नसते तर तुम्ही सगळे गारठून गेला असता. पण पूर्वी मधून वाट मिळायची. आता खांद्याला खांदा लावून उभे आहेत. वर गेले की म्हणतात खाली जा. खाली आले की तुम्ही म्हणता वर जा."

तहसिलाने अर्ज पुढे पाठवला आणि त्याला उत्तर आले. माझ्या नोकरीच्या काळात असे सहसा होत नसे. उत्तर थोडक्यात असे की, वेशीवरील कर्मचाऱ्यांत आपल्या गावचेही बरेच आहेत. रुजू झालेल्यांना परत बोलावता येत नाही. सबब गावाने नवीन पाठवणे आधी कमी करावे, त्यानंतर अर्जाचा विचार करण्यात येईल.

सरपंच दिगंबर लहाने यांनी ग्रामसभा बोलावली. कोणी किती पाठवले, हे आधी ठरवावे असे निघाले. वीटभट्टीवाले शेषराव मगर म्हणाले की त्यांचा वर एखाददुसराच असेल.

"एखाददुसरा?" मागून रंगनाथ दुधाळ बोलले. "शेषराव, तुमचं तर अख्खं ऑफिस वर बसलंय."

"आणि तुमच्या बारा म्हशी काय रवंथ करून उदबत्त्या सोडतात का?"

त्यानंतर पाचट जाळणाऱ्यांनी ट्रॅक्टरवाल्यांकडे आणि ट्रॅक्टरवाल्यांनी युरियावाल्यांकडे बोट दाखवले. कमी करावे यावर एकमत झाले. कोणी करावे यावर झाले नाही. शेवटी सरपंचांनी तोडगा काढला. पाठवलेली माणसे आपलीच आहेत, तेव्हा ओळखीने काम होईल. जिल्ह्याला जाऊन मोठ्या साहेबांना भेटू, फक्त वजन पडले पाहिजे. वजन पडावे म्हणून सात जीपगाड्या गेल्या. साहेब दौऱ्यावर होते.

दुसऱ्या दिवशी दुपार वर जाऊन आली. मी विचारले.

"नवे चेहरे होते," ती म्हणाली. "तुमच्याच जीपगाड्यांतून आलेले. गावचं नाव सांगितलं तर आपुलकीनं बोलले. सोडलं मात्र नाही."

तोवर किड्यांनी तुतीचा पाला खाणे सोडले होते. अनुसयाबाई ओसरीवर आल्या आणि पदराने वारा घेत दुपारीसमोर बसल्या.

"बाई, तुम्हाला बोल लावत नाही मी," त्या म्हणाल्या. "तुमचा इलाज नाही, दिसतंय मला. पण शेडपासून जरा लांब, लिंबाखाली तरी बसता का?"

दुपार लगेच उठली. लिंबाखाली बुधवारची बसलेली होती. दोघींना जागा पुरेना, म्हणून ती ओसरीवर परत आली आणि शक्य तितकी अंग चोरून बसली.

किडे शनिवारी मेले. अनुसयाबाईंनी ते टोपल्यांनी नेऊन उकिरड्याच्या ओल्या खड्ड्यात टाकले, वर शिळा पाला टाकला. काही दिवसांनी खड्ड्यातून मिथेन निघाला आणि वर रुजू व्हायला गेला. दुपारीने तो कोणाचा म्हणून विचारले.

"माझाच," अनुसयाबाई म्हणाल्या.

मुलगा पुढच्या रविवारी गाडी घेऊन आला. शेडचे पत्रे शेषरावांनी भट्टीसाठी घेतले. बाईंनी तुळशीला पाणी घातले, घराला कुलूप लावले. पण घराला कोणीतरी हवे, म्हणून किल्ली मंगळवारच्या दुपारीकडे दिली. तिने ती हातात घेतली आणि बाईंना फार पाणी वापरणार नाही असे सांगितले.

अर्जदाराचा पत्ता बदलल्याचे मी तहसिलाला लेखी कळवले आहे. अर्ज प्रलंबित आहे.