तोंडं दुरुस्त करणाऱ्या मालतीबाई

मालती रेगे समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून कधी बोलल्या नाहीत. त्या तोंडाकडे बघायच्या. तुम्ही घरातल्या मयताची बातमी सांगत असा, नाहीतर नळ गेल्याची, बाईंची नजर तुमच्या ओठांवर. तुमचं सांगून झालं की विचारायच्या, "जीभ दातांवर ढकलता तुम्ही. लहानपणापासून का?"

ऐंशीच्या दशकात आम्ही डोंबिवलीला राहायला आलो तेव्हा त्यांचा ब्लॉक आमच्या समोर, दाराला दार. ठाण्याच्या एका दवाखान्यात त्या तोंडाच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम शिकवायच्या. कुणाला घास गिळता येत नाही, कुणाचं तोंड लकव्याने वाकडं झालंय, कुणा पोराची जीभ जागेवर राहत नाही, असे सगळे त्यांचे पेशंट. ही कसली नोकरी ते बिल्डिंगमध्ये कुणाला कळत नव्हतं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, तोंडाला वेगळा व्यायाम कशाला, बायकांचं दिवसभर चालूच असतं की.

"ओठ मिटा" हे बाईंचं पालुपद. पोरांनासुद्धा अहोजाहो; मला तेवढं पुढे सवयीने एकेरी. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन टाकीच्या गळतीवर तावातावाने बोलत होते. मध्ये दम खायला थांबले तर तोंड तसंच उघडं. बाई शांतपणे म्हणाल्या, "ओठ मिटा, नाकाने श्वास घ्या." मीटिंग तिथेच मोडली. चेअरमननी पुढे जन्मभर बाईंना नमस्कार केला नाही. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी खरोखर औषध सांगितलं होतं.

माझी मुलगी प्राजक्ता तेव्हा दुसरीत. तोंड कायम उघडं, हनुवटीवर लाळ. डॉक्टर म्हणाले नाक साफ आहे, सवय आहे. बाईंनी न विचारताच तिला ताब्यात घेतलं. कोटाचं मोठं बटण दोऱ्यात ओवून तिच्या ओठांच्या आत ठेवायचं आणि दोरा बाहेरून ओढायचा. बटण सुटलं की हार. वरच्या दातांमागे, टाळूला, गुळाचा खडा चिकटवून तो जिभेने धरून ठेवायला लावायचा. पोरीला खेळ वाटायचा. वर्षभरात तोंड मिटलं, अक्षरं सुटी झाली. त्या सुट्या अक्षरांत पोरगी पहिल्यांदा काय म्हणाली असेल, तर जिन्यात सगळ्यांदेखत, "रेगेकाकू भुतासारख्या बघतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, "भ छान आला."

खालच्या मजल्यावरच्या वैशालीचं असंच. साखरपुडा तोंडावर आला आणि एका सकाळी पोरगी उठली ती वाकडा चेहरा घेऊन. डावा डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी एका बाजूने बाहेर. आईने मीठमिरच्या ओवाळल्या, शहाडला कुणी पाला देतो त्याचा लेप लावला. शेवटी डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आणि मग बाई. रोज संध्याकाळी ठाण्याहून येऊन पर्स खांद्यावरून काढायच्या आधी खाली जायच्या. आरशासमोर बसवून भुवया उचला, गाल फुगवा, शीळ घाला. मुलगी रडायची. बाई म्हणायच्या, "रडा, पण दोन्ही बाजूंनी रडा." साखरपुडा काहीतरी सबब सांगून पुढे ढकलला होता. पोरगी हळूहळू बरी झाली आणि कल्याणला थाटात लग्न लागलं.

पत्रिका सगळ्या बिल्डिंगला गेल्या, बाईंना नाही. वैशालीची आई स्वतः येऊन सांगून गेली, राग मानू नका, पण तुम्ही दिसलात की मुलाकडचे विचारतील या कोण, काय करतात, उगाच संशय नको. नंतर लाडू पाठवले. बाईंनी माझ्यासमोर एक लाडू खाल्ला, दोन्ही बाजूंनी नीट चावून. मग म्हणाल्या, "तिच्या आईला सांग, फोटोत फार हसू देऊ नका म्हणावं. डावी बाजू अजून दमते."

आणि घरात रेगेकाका. काकांच्या तोंडाला काही झालेलं नव्हतं. माझ्याशी, दूधवाल्याशी, पोस्टमनशी भरभरून बोलायचे. बायकोशी मात्र अवाक्षर नाही. कधीकाळी त्यांना बढतीवर नागपूरला बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, माझे पेशंट अर्धवट टाकून मी येणार नाही. काकांनी बढती नाकारली आणि म्हणाले, मग पेशंटांशीच बोल. त्यानंतर बोलणंच बंद. बाई शेजारी उभ्या असताना ते मला म्हणायचे, "यांना सांगा, गॅस संपलाय." मी बाईंकडे वळून सांगायची, "गॅस संपलाय." बाई मान हलवायच्या. एकदा मला राहवलं नाही, मी विचारलं, तुम्हाला चीड येत नाही? म्हणाल्या, "उच्चार किती स्वच्छ आहेत बघ यांचे. एवढं चांगलं तोंड वाया चाललंय."

नव्वदनंतर, काका रिटायर झाल्यावर, त्यांना झटका आला. उजवं अंग लुळं, तोंड ओढलेलं, बोलणं म्हणजे नुसता घोगरा आवाज. मुलंबाळं नव्हती. बाईंनी दवाखान्याची नोकरी सोडली. ज्या पेशंटांपायी नवरा गप्प झाला, ते पेशंटही सुटले.

मग सुरू झाली शिकवणी. मी शिकवायची ती शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी दार उघडं टाकून मी तांदूळ निवडत बसायची आणि समोरचं सगळं ऐकू यायचं. आधी चमच्याने घट्ट पेज, हनुवटी खाली घेऊन गिळायची. मग गाल, मग जीभ. मग शब्द. प ब म साठी ओठ मिटावे लागतात, ते काकांना जमेना. पापड, बाबा, आमटी. काका वैतागून चमचा भिरकावायचे. बाई तो धुऊन परत आणायच्या.

एका दुपारी शब्द बदलला. बाई म्हणाल्या, "म्हणा, मालती."

काकांचे ओठ नुसतेच हलले. मग काका म्हणाले, "आ... लती."

"पुन्हा."

मी तांदूळ तसेच ठेवून आमच्या आतल्या खोलीत गेले.

पुढे काका काठी धरून दारापर्यंत येऊ लागले. बोलणंही सुधारलं. एके सकाळी दूधवाला आला. बाई तिथेच पातेलं घेऊन उभ्या होत्या. काका दूधवाल्याला स्पष्ट म्हणाले, "यांना विचार, उद्या म्हशीचं किती हवंय."

मला वाटलं, संपलं, पुन्हा तोच अबोला. पण दुपारी आतून पुन्हा तेच. मालती. पुन्हा. मालती. माझ्या घरापर्यंत म खणखणीत ऐकू येत होता. संध्याकाळी बाई केर टाकायला बाहेर आल्या तेव्हा मी म्हटलं, "मालतीबाई, काकांचा म तर आता अगदी स्वच्छ येतो. थांबवा की व्यायाम, दमत असाल."

त्यांनी मागे वळून दार ओढून घेतलं. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "मी त्यांना अजून कच्चा आहे म्हणून सांगितलंय."